कानउघाडणी : कानाच्या उपचारांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात याच सदरात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो होतो की, शंभर वर्षांपूर्वी कानाची शस्त्रक्रिया माणूस जगावा म्हणून करीत, त्याला ऐकू यावे म्हणून नव्हे. त्या एका वाक्यावर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी इतकी पत्रे पाठवली की, या महिन्याचे संपूर्ण सदर कानालाच द्यावे असे संपादकांशी बोलून ठरवले. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या आजीच्या डाव्या कानामागे अंगठा मावेल एवढा खळगा होता. १९३५-३६ च्या सुमारास, ती सात-आठ वर्षांची असताना, तिला दाभोळहून बोटीने मुंबईला नेले आणि तिथे ‘कानामागचे हाड फोडले’ असे ती सांगत असे. तो कान तिला जन्मभर जवळजवळ बहिराच राहिला. हे कसले ऑपरेशन होते आणि ते आजही करतात का? (गुहागर)

उत्तर : तुमच्या आजी नशीबवान होत्या असे म्हटले तर तुम्हाला विचित्र वाटेल, परंतु त्या काळाचा विचार करता ते खरे आहे. कानामागे हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तो आतून भरीव नसतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे हवेचे बारीक कप्पे त्यात असतात आणि ते पडद्यामागच्या पोकळीशी, म्हणजे मध्यकर्णाशी, जोडलेले असतात. सर्दीतले जंतू घशातून नळीवाटे मध्यकर्णात चढतात आणि तिथे पू होतो. तो पडदा फोडून बाहेर आला तर आपण ‘कान फुटला’ म्हणतो, आणि कान फुटला की मुलाची ठणक थांबते हे प्रत्येक आईला ठाऊक असते. पण तो पू मागच्या कप्प्यांत कोंडला गेला तर हाड पोखरू लागतो. या हाडाच्या वरच्या बाजूस मेंदू, मागच्या बाजूस मेंदूतले रक्त वाहून नेणारी मोठी शीर आणि मधून चेहरा हलवणारी नस, अशी सगळी दाटी आहे. पेनिसिलीन येण्यापूर्वी असा पू वर चढला की रोगी हातचा जात असे.

हे हाड उघडून पू काढून टाकावा ही कल्पना अठराव्या शतकातही होती. तिला खीळ बसली ती एका मृत्यूमुळे. डेन्मार्कच्या राजाचे वैद्य फॉन बर्गर यांनी १७९१ मध्ये बहिरेपणा आणि कानातला नाद जावा म्हणून स्वतःवरच ही शस्त्रक्रिया करवून घेतली आणि मेंदूच्या आवरणाला सूज येऊन ते दगावले. पुवासाठी असलेला उपाय त्यांनी बहिरेपणासाठी योजला होता. दोष निवडीचा होता, बदनाम मात्र शस्त्रक्रिया झाली, आणि पुढची सुमारे ऐंशी वर्षे बहुतेक शल्यचिकित्सक त्या हाडाला हात लावायला धजावले नाहीत. १८७३ मध्ये जर्मनीतील हाले येथे हेर्मान श्वार्टझे यांनी कोणत्या रोग्यात हाड उघडावे आणि कसे उघडावे याची पद्धत बांधून दिली, तेव्हा ही शस्त्रक्रिया पुन्हा प्रतिष्ठेला आली. त्याच वर्षी व्हिएन्नात आडाम पोलिट्झर आणि योसेफ ग्रूबर यांचे स्वतंत्र कर्णरोग चिकित्सालय सुरू झाले. त्यापूर्वी कान हा वैद्यांच्या दृष्टीने, आतले काहीच दिसत नसल्यामुळे, अंधारकोठडीसारखाच होता. मधोमध भोक असलेला आरसा वापरून कानात उजेड पाडण्याची रीत रुळली तीसुद्धा १८५५ नंतर, जर्मनीतल्या फॉन ट्रोल्च यांच्यामुळे.

तुमच्या आजींचे हाड छिन्नी-हातोडीने उघडले असणार. त्या वेळी सल्फा औषधे नुकतीच येऊ घातली होती आणि पेनिसिलीन रोग्यांपर्यंत पोहोचायला आणखी काही वर्षे होती. पू काढल्यावर उरलेली पोकळी तशीच भरून येऊ देत, त्यामुळे खळगा राहिला. पुढे प्रतिजैविकांनी हा आजार इतका कमी केला की, माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी त्याचे तीव्र रूप क्वचितच पाहिले आहे.

शस्त्रक्रिया मात्र गेलेली नाही. आज ती मुख्यतः कोलेस्टेटोमा या विकारासाठी करावी लागते. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून त्वचा आत ओढली जाते, तिचा मोत्यासारखा पांढरा गोळा तयार होतो आणि तो आसपासचे हाड हळूहळू कुरतडत जातो. कान थोडासाच वाहतो, दुखत नाही, पण घाण वास येतो. दुखत नाही म्हणून माणसे दहा-दहा वर्षे कापसाचे बोळे घालत बसतात. आता छिन्नीऐवजी बारीक ड्रिल आहे आणि डोळ्यांना सूक्ष्मदर्शक आहे. १९२१ मध्ये स्टॉकहोमच्या कार्ल निलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत प्रथम सूक्ष्मदर्शक वापरला. मेंदूच्या शल्यविशारदांनी तो पुढे आमच्याकडून उचलला, हे सांगताना कानाच्या डॉक्टरची छाती थोडी फुगते. साधने बदलली तरी या शस्त्रक्रियेतला क्रम श्वार्टझेंच्या काळचाच आहे : आधी जीव, मग कोरडा कान, आणि त्यानंतर ऐकू येणे. उशिरा आलेल्या रोग्याला पहिल्या दोन गोष्टींवरच समाधान मानावे लागते.

प्रश्न : आमच्याकडे कान दुखला की लसूण घालून कढवलेले खोबरेल कानात सोडतात. माझ्या आईने गेल्या पावसाळ्यात तेच केले आणि कान आणखी बिघडला. आयुर्वेदातही कानात तेल घालायला सांगितले आहे ना? (देवगड)

उत्तर : सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत आणि कर्णपूरण, म्हणजे कानात औषधी द्रव भरणे, हा त्यांवरचा एक उपाय आहे. परंतु त्याच ग्रंथात वाहत्या कानासाठी धुरी देणे, पुसून घेणे आणि धुणे हेही उपाय दिले असून, त्यांतला कोणता योजायचा हे रोग्याला नीट पाहून ठरवावे असे बजावले आहे. तुटलेली कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार तिथे वर्णिले आहेत, यावरून त्या वैद्यांचे हात आणि डोळे किती तयार होते ते कळते. आपण मात्र त्यांचे तेल तेवढे घेतले आणि पाहणे सोडून दिले.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत माझ्या बाह्यरुग्ण विभागात कानातल्या बुरशीचे रोगी इतके येतात की, चपला काढण्याचा आवाज आणि कान खाजवण्याची लकब यांवरूनच मी निदान करू लागलो आहे, असे परिचारिका म्हणतात. कारण उघड आहे. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते त्या हवेत, अडीच सेंटिमीटर लांबीच्या, एका टोकाने बंद असलेल्या, उबदार नळीत खोबरेल तेल घातले तर दुसरे काय होणार? सूक्ष्मदर्शकाखाली ते भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखे दिसते आणि त्यावर काळे ठिपके असतात. ते ठिपके बुरशीच्या बोंडांचे. खाज, दडे बसल्यासारखे वाटणे आणि मग ठसठस, असा तिचा क्रम असतो. त्यावर घरातली जुनी प्रतिजैविकाची थेंबांची बाटली शोधून घातली तर जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळे मिळते. तुमच्या आईच्या बाबतीत असेच काही झाले असावे.

उपाय साधा आहे. कान डॉक्टरांकडून कोरडा स्वच्छ करून घ्यावा, बुरशीवरचे थेंब सांगितले तितके दिवस घालावेत (खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नयेत), आणि डोक्यावरून अंघोळ करताना व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा. कच्चा लसूण कानात खुपसू नये. त्याने त्वचा भाजते आणि अशी भाजलेली कातडी मी पाहिली आहे. पडदा शाबूत असेल आणि मळ दगडासारखा घट्ट झाला असेल, तर तो मऊ करण्यापुरते कोमट तेलाचे दोन थेंब चालतात. तेवढा मान मी आजींच्या औषधाला जरूर देईन. परंतु पडदा शाबूत आहे की नाही हे घरी बसून कळत नाही, आणि अडचण तिथेच आहे.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा आहे. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकून तोच व्यवसाय करावा असा विचार आहे. लहानपणी कान फुटल्यामुळे उजव्या पडद्याला भोक आहे, पण गेली चार वर्षे कान वाहिलेला नाही. कानात प्लग घालून डायव्हिंग केले तर चालेल का? (मालवण)

उत्तर : चालणार नाही, आणि हे ‘नाही’ स्पष्ट आहे.

पाण्यात दहा मीटर खाली गेलात की कानावरचा दाब पृष्ठभागावरच्या दाबाच्या दुप्पट होतो. पडदा शाबूत असलेला माणूस नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा फुंकतो, ती घशातल्या नळीने पडद्यामागे जाते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. तुमच्या प्रशिक्षकांनी हे ‘वल्साल्वा’ या नावाने शिकवले असेल. ते नाव इटलीतील बोलोन्याच्या आंतोनिओ वल्साल्वा यांचे. १७०४ मध्ये कानावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी ही क्रिया सांगितली, ती पाण्यात उतरण्यासाठी नव्हे, तर कानातला पू भोकावाटे बाहेर ढकलण्यासाठी. म्हणजे मुळात ती तुमच्यासारख्या कानासाठीच होती, असे म्हणता येईल.

भोक असलेल्या कानात धोका वेगळा आहे. समुद्राचे गार पाणी थेट मध्यकर्णात शिरते, तिथून काही मिलिमीटरवर तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, एका बाजूची नळी एकाएकी गार पडते आणि मेंदूला वाटते की शरीर गरगर फिरते आहे. व्हिएन्नाचे रोबर्ट बाराणी रोग्यांचे कान धुताना हेच पाहत होते. गार पाण्याने डोळे एका दिशेला झटके देतात आणि गरम पाण्याने विरुद्ध दिशेला, हे त्यांनी ताडले आणि त्यातून तोल तपासण्याची चाचणी निघाली. त्यासाठी १९१४ चे नोबेल त्यांना जाहीर झाले तेव्हा ते रशियनांच्या युद्धबंदी छावणीत होते. मी शिकाऊ असताना एका आजोबांचा कान धुण्यापूर्वी पाणी कोमट करायला विसरलो आणि ते खुर्चीतच ओकले. बाराणींचा शोध मला पुस्तकातून नव्हे, त्या आजोबांच्या धोतरावरून कळला. ते निदान जमिनीवर होते. पाण्याखाली भोवळ आली तर वर कुठे आणि खाली कुठे हेच समजत नाही, आणि तोंडात नळी असताना उलटी झाली तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. प्लगचा भरवसा धरू नका. दाबाखाली तो पाणी रोखीलच असे नाही, शिवाय तो आतच ढकलला जाऊ शकतो.

तुमच्यासाठी चांगली बातमी अशी की, तुमचे वय कमी आहे, कान कोरडा आहे आणि पडदा बसवण्याची शस्त्रक्रिया आता फार चांगली होते. १६४० मध्ये मार्कुस बान्झर यांनी नळीच्या टोकाला डुकराच्या मूत्राशयाचा पापुद्रा ताणून तो कृत्रिम पडदा म्हणून सुचवला. दोनशे वर्षांनी लंडनच्या जोसेफ टॉइनबी यांनी चांदीच्या तारेवर रबराची चकती बसवली. (सुमारे दोन हजार कानांचे विच्छेदन केलेले हे गृहस्थ कानातला नाद थांबतो का हे पाहण्यासाठी स्वतःवर क्लोरोफॉर्मचा प्रयोग करताना १८६६ मध्ये दगावले.) जिवंत पडदा बसवण्याची रीत १९५० नंतरच्या दोन-चार वर्षांत जर्मनीतील वुलश्टाइन आणि झोलनर यांनी घालून दिली. सुरुवातीला कातडी लावत, पण ती टिकत नसे. नंतर कानाच्या वर, घास चावताना हलणाऱ्या स्नायूवरचे पातळ आवरण वापरू लागले. ते काढून काचेवर पसरून सुकू दिले की कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे दिसते. भोकाच्या कडा ताज्या करून ते खालून अंथरायचे, विरघळणाऱ्या स्पंजचा आधार द्यायचा, आणि मग कडांची त्वचा स्वतःच त्यावर चढत जाते. दहापैकी आठ-नऊ कानांत पडदा जुळतो.

ही शस्त्रक्रिया करून घ्या. त्यानंतर काही महिने थांबा. पडदा हलतो आहे आणि घशातली नळी उघडझाप करते आहे हे तपासून डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली, तरच पाण्यात उतरण्याचा विचार करा. नळी काम करीत नसेल तर नवा पडदाही फाटेल. तसे झाले तर किनाऱ्यावरचे किंवा होडीवरचे काम पत्करा.

प्रश्न : रात्री कानात किडा गेला तर घरच्या घरी काय करावे? (श्रीवर्धन)

उत्तर : कान पूर्वी कधी फुटलेला नसेल तर त्यात खाण्याचे तेल सोडावे. किडा गुदमरून मरतो आणि फडफड थांबते, मग सकाळी तो काढून घेता येतो. जिवंत किड्याच्या मागे चिमटा किंवा केसातली पिन घेऊन लागू नये. दिव्याच्या उजेडाने तो बाहेर येतो असे म्हणतात. झुरळ उजेडाला भिऊन आणखी आत जाते.

प्रश्न : मी बत्तीस वर्षांची शिक्षिका आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊ लागले. गंमत अशी की, वर्गातल्या शांततेत मला मुलांचे बोलणे कळत नाही, पण एसटी स्टँडवरच्या गोंगाटात मैत्रिणीचे बोलणे स्वच्छ कळते. माझ्या मावशीलाही असेच होते. घरचे म्हणतात, मी लक्ष देत नाही. (चिपळूण)

उत्तर : घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा. तुमच्यासारखीच एक स्त्री सतराव्या शतकात इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांच्या नोंदीत आहे. ढोल वाजत असला तरच तिला बोलणे ऐकू येई, म्हणून तिच्या नवऱ्याने ढोल वाजवणारा नोकर ठेवला होता. चिपळूणला हे काम एसटी महामंडळ फुकट करते. कारण असे की, गोंगाटात समोरचा माणूस आपोआप आवाज चढवतो, आणि तो गोंगाट मात्र तुम्हाला इतरांपेक्षा कमी ऐकू येतो.

बाळंतपणानंतर लक्षात येणे, दोन्ही कान आणि मावशीचा इतिहास, हे सगळे ऑटोस्क्लेरोसिसकडे बोट दाखवते. मध्यकर्णात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे साखळीने जोडलेली असतात. त्यांतली रिकीब ही शरीरातली सर्वांत लहान, तांदळाच्या कणीएवढी. तिचा तळ अंतर्कर्णाच्या खिडकीत पंपाच्या दट्ट्यासारखा मागे-पुढे हलतो. या विकारात त्या तळाच्या कडेला नवे हाड उगवते आणि दट्ट्या अडकतो. पडदा चांगला, नस चांगली, अडकलेली आहे ती केवळ रिकीब. डॉक्टर तुमच्या कानासमोर नाद काढणारा धातूचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवतील, मग त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवतील. हाडावर जास्त मोठा ऐकू आला तर दोष वहनाचा आहे. फ्रीडरिश हाइनरिश ऱ्हिने या जर्मन डॉक्टरने १८५५ मध्ये सांगितलेली ही तपासणी दोन मिनिटांत होते, फुकट होते, आणि आजही प्रत्येक महागड्या तपासणीच्या आधी करावी लागते.

इलाजाची कथा मोठी गमतीची आहे. केसेल नावाच्या डॉक्टरांनी १८७८ मध्ये अडकलेली रिकीब हलवून पाहिली, काहींना ऐकू आले. परंतु जंतुसंसर्गाच्या भीतीने, शतक संपता संपता, नामांकित कर्णतज्ज्ञांनीच ही शस्त्रक्रिया त्याज्य ठरवली. अर्धे शतक कोणी त्या वाटेला गेले नाही. १९३८ पासून न्यूयॉर्कचे ज्युलियस लेम्पर्ट अडकलेली खिडकी तशीच ठेवून अंतर्कर्णाला शेजारी दुसरी खिडकी पाडू लागले. तीच शस्त्रक्रिया करण्यापूर्वी १९५२ मध्ये सॅम्युएल रोझेन रिकीब खरोखर घट्ट आहे ना हे टोचून पाहत होते, ती निसटली, आणि जागा असलेला रोगी टेबलावरच म्हणाला की मला ऐकू येते आहे. रिकीब पुन्हा अडकत असे, म्हणून १९५६ मध्ये मेम्फिसच्या जॉन शे यांनी ती काढूनच टाकली आणि टेफ्लॉनची बसवली. आज तळाला एक बारीक छिद्र पाडून त्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा दट्ट्या सोडतात आणि तो ऐरणीला अडकवतात. छिद्र आता बऱ्याच ठिकाणी लेसरने पाडतात, कारण लेसरचा धक्का तळाला बसत नाही.

जोखीमही समजून घ्या. बहुतेकांना उत्तम ऐकू येते, परंतु शंभरात एखाद्याचा तो कान पूर्ण जातो. काहींच्या जिभेची त्या बाजूची चव काही महिने बदलते, कारण चवीची नस याच खोलीतून जाते. म्हणून अधिक खराब कान आधी करतात, आणि दुसऱ्याचा विचार बऱ्याच काळानंतर. ज्यांना ही जोखीम नको त्यांना श्रवणयंत्र फार चांगले लागू पडते, कारण नस शाबूत आहे. मला विचाराल तर आधी सहा महिने यंत्र वापरून पाहा. तुमचा चरितार्थ ऐकण्यावर आहे. निवड घाईने करू नका.

प्रश्न : माझी मुलगी दीड वर्षाची आहे. हाक मारली तर बघत नाही, पण दार आपटले की दचकते. सासूबाई म्हणतात, “तिचो बापूस पण उशिरानच बोलाक लागललो.” चीनमध्ये एका इंजेक्शनने जन्मतः बहिरी मुले ऐकू लागली असे वाचले. ते इकडे येईपर्यंत थांबावे का? (वेंगुर्ला)

उत्तर : थांबू नका. या सदरातल्या सगळ्या पत्रांपैकी तुमच्या पत्राला मी आधी टपालाने स्वतंत्र उत्तर पाठवले, कारण अंक निघेपर्यंतचा महिनाही मला जास्त वाटला.

दार आपटल्यावर जमीन आणि पलंग हादरतात, ते अंगाला कळते. त्यावरून ऐकू येते असे ठरत नाही. बापाच्या बोलण्याचा दाखला सासूबाई प्रेमाने देत आहेत, परंतु तो तपासणीची जागा घेऊ शकत नाही. दोन तपासण्या करा. पहिली ओएई. निरोगी अंतर्कर्ण आवाज ऐकल्यावर स्वतःही अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतो, हे लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले. कानात बोंडू ठेवून तो प्रतिसाद यंत्राने टिपतात, मुलाला काहीच कळत नाही. दुसरी बेरा, ती मूल झोपलेले असताना नसेचा आणि मेंदूच्या तळाचा प्रतिसाद मोजते. खरे तर जन्मल्यावर पहिल्या महिन्यात प्राथमिक चाळणी-तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असा जगभरचा दंडक आहे. जन्मजात बहिरेपणाची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात समाविष्ट आहे, आणि हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच कोकणातल्या पालघरहून देशभर सुरू झाला. अंगणवाडीतून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मागा.

बहिरेपणा तीव्र निघाला आणि यंत्राने भागले नाही, तर कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होईल. कानामागे बसणारा भाग आवाज टिपून त्याचे विद्युतसंकेत करतो, कातडीखालचा भाग ते घेतो आणि एका तारेवरचे बारीक विद्युतअग्र थेट श्रवणनसेला ते पोहोचवतात. १९५७ मध्ये पॅरिसच्या जूर्नो आणि एरिएस यांनी नसेला विजेचा स्पर्श करून पाहिला. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाउस यांनी पहिले रोपण केले. एका अग्राने आवाज आहे एवढे कळे, शब्द कळत नसत. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅमी क्लार्क यांना, ज्यांचे वडील स्वतः कमी ऐकत, अनेक अग्रे हवी होती, परंतु अंतर्कर्णातल्या अडीच वेढ्यांच्या शंखासारख्या नळीत लांब तार मोडल्याशिवाय सरकेना. १९७७ मध्ये ते समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवत असताना त्यांनी वाळूतला एक शंख उचलला आणि गवताची पाती त्यात सरकवून पाहिली. बुडाशी ताठ आणि टोकाला लवचीक असलेली पाती वेढे घेत सहज आत गेली. तार तशीच केली, आणि १९७८ मध्ये मेलबर्नला त्यांचे पहिले बहुअग्र रोपण झाले. तुमच्या दाराशीच समुद्र आहे. एखाद्या संध्याकाळी हा प्रयोग स्वतः करून पाहा, मुलीच्या कानात काय करणार आहेत ते डॉक्टरांच्या चित्रापेक्षा चांगले समजेल. मुंबईत ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव अग्रक्रमाने येते. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. उपकरण लाखांत जाते, परंतु लहान मुलांसाठी दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या अॅडिपसारख्या योजनेतून ते मिळू शकते. वयाच्या आणि उत्पन्नाच्या अटी आहेत, म्हणूनही वेळ दवडू नका.

आता इंजेक्शनविषयी. बातमी खरी आहे. अंतर्कर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या केशपेशींतून नसेकडे संदेश जाण्यासाठी ओटोफर्लिन नावाचे प्रथिन लागते. त्याचे जनुक जन्मतः बिघडलेले असले तर कान सगळा असून मुका राहतो. हे जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूच्या मानाने मोठे आहे, म्हणून दोन तुकडे करून दोन विषाणूंतून अंतर्कर्णात सोडतात आणि आत ते जुळतात. शांघायच्या फुदान विद्यापीठातील डॉक्टरांनी अशा सहा मुलांवरचे निष्कर्ष जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांतली पाच ऐकू लागली. कानाच्या इतिहासात औषधाने जन्मजात बहिरेपणा हटवल्याची ही सुरुवात आहे आणि मी तिच्याकडे हरखून पाहतो. परंतु बहिरेपणाला कारणीभूत जनुके शंभराच्या वर आहेत आणि हे त्यांतले एक. तुमच्या मुलीचे तेच आहे का हे तपासता येते, तेवढी रक्ततपासणी जरूर करा. मात्र मेंदूतला भाषेचा भाग आवाजाची वाट तीन-चार वर्षेच नेटाने पाहतो, मग ती जागा दुसऱ्या कामाला लावतो. सातव्या वर्षी उत्तम इंजेक्शन मिळाले तरी मुलीला आवाज येईल, भाषा येईलच असे नाही. आणि शस्त्रक्रियेनंतर दर आठवड्याला वाचाउपचाराला जावे लागेल, घरी दिवसभर बोलत राहावे लागेल. त्या कामी सासूबाईंची मालवणी फार उपयोगी पडेल.

प्रश्न : माझे वडील अडुसष्ट वर्षांचे आहेत. चाळीस वर्षे लाँचवर तांडेल होते. आता ऐकू कमी येते. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत म्हणतात. यंत्र घेतले ते पेटीत पडून आहे. कानातल्या पेशी पुन्हा उगवणारे औषध येते आहे, तोवर थांबतो असे त्यांचे म्हणणे आहे. (हर्णै)

उत्तर : माणसाच्या प्रत्येक कानात जन्मतः पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. डिझेल इंजिनाशेजारी चाळीस वर्षांत त्या झडतात. आधी झडतात त्या ४००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे बारीक आवाजांच्या. स्वर ऐकू येतात, व्यंजने गळतात. ‘साठ’ की ‘पाठ’ कळत नाही, आणि मासळीच्या लिलावात हा फरक महागात पडतो. चिरेखाणीतल्या कटिंग मशीनवर काम करणाऱ्या तरुणांच्या श्रवणतपासणीचे आलेख आज मी पाहतो, ते तुमच्या वडिलांच्या चाळिशीतल्या आलेखासारखेच असतील. त्यांच्या कानांत निदान प्लग घाला असे मालकांना सांगून माझी जीभ थकली.

पक्ष्यांच्या झडलेल्या केशपेशी पुन्हा येतात, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोंबडीच्या पिल्लांत दिसले आणि तेव्हापासून संशोधक सस्तन प्राण्यांत ते जमवू पाहत आहेत. एक औषध माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोहोचले होते, ते २०२३ मध्ये साध्या द्रवाच्या तुलनेत काहीच फायदा न दाखवता बाद झाले. काम चालू आहे, पण अडुसष्टाव्या वर्षी त्याची वाट पाहण्यासारखे काहीही बाजारात नाही. स्टेम सेलची जाहिरात दिसली तर पैसे देऊ नका.

पेटीतले यंत्र बाहेर काढा. बहुधा ते त्यांच्या आलेखाप्रमाणे लावून घेतलेले नाही, सगळेच आवाज वाढवते, म्हणून भांड्यांचा खणखणाट डोक्यात जातो. श्रवणतज्ज्ञांकडे नेऊन दोन-तीन वेळा जुळवून घ्या, पहिला महिना घरातच, दिवसाला दोन तासांपासून सुरुवात करा. त्यांच्याशी बोलताना समोर बसा, तोंडावर उजेड असू द्या, ओरडू नका. आणि हर्णैच्या हवेत यंत्र दर रात्री सेल काढून, सेलच्या कप्प्याचे दार उघडे ठेवून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जेलचा रंग बदलला की पुड्या बदला, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या आत गंज चढेल.